दोन आसनी स्पोर्ट्स कारमधील झिजलेले प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे नवे भाग : वाळूजमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जालन्यातील एका बियाणे व्यावसायिकाच्या जर्मन बनावटीच्या, दोन आसनी आणि कापडी छताच्या स्पोर्ट्स कारचे आहे. गाडी २००९ सालची असून मालकाने ती २०१८ मध्ये मुंबईतील पहिल्या मालकाकडून घेतली. मुंबईत ती तळघरातील पार्किंगमध्ये राहत असे. जालन्यात आल्यावर मात्र तिचे दिवस मोंढ्यातील दुकानासमोर पत्र्याच्या शेडखाली जाऊ लागले आणि शेडच्या कडेने दुपारचे ऊन थेट दरवाजावर येत राहिले. इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांची देखभाल नियमित होती व त्यांत उल्लेखनीय दोष नव्हता. बिघडला होता तो आतला भाग.

काम आमच्याकडे आले ते ओळखीने. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत डिझाइनचे काम करतो आणि यंत्रकामासाठी शेजारच्या एका लहान वर्कशॉपवर अवलंबून असतो. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पुढे त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या अशा वर्कशॉपचे जाळे विणले गेले. त्यामुळे तीन व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कोरणारी) यंत्रे, एक जुनी लेथ आणि तीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री एकाच छताखाली मिळणे येथे अवघड नाही. अवघड आहे ते अशा वर्कशॉपला एका नगाच्या कामासाठी राजी करणे, कारण तिथला सारा हिशोब हजारोंच्या लॉटवर बसवलेला असतो आणि एका नगासाठीही सेटिंगला तेवढाच वेळ जातो. शेवटी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी यंत्र चालवायचे आणि भागाप्रमाणे नव्हे तर तासाप्रमाणे पैसे घ्यायचे, या अटीवर काम ठरले. ही अट नसती तर पुढे ज्या दुरुस्त्या कराव्या लागल्या त्या कोणी मनापासून केल्या नसत्या, असे मला आजही वाटते.

नेमकी अडचण

आतल्या प्लास्टिकच्या तक्रारी दोन वेगळ्या प्रकारच्या होत्या, पण मालकाच्या बोलण्यात त्या एकच होऊन येत असत. पहिली तक्रार चिकटपणाची होती. मधल्या कन्सोलची चौकट, काचांच्या बटणांभोवतीची पट्टी आणि दरवाजा ओढायची मूठ यांवर मऊ स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा थर होता. हा थर ओलावा आणि उष्णता यांमुळे रासायनिकदृष्ट्या तुटत जातो आणि गुळाच्या पाकासारखा हाताला लागतो. मुंबईच्या दमट हवेत ही झीज सुरू झालेली असावी आणि जालन्याच्या उन्हाळ्याने ती वेगाने पुढे नेली असावी. दुसरी तक्रार तुटण्याची होती. चालकाच्या बाजूच्या मुठीला आतून ज्या गोल बुंध्यात स्क्रू बसतो तो बुंधा तडकला होता, कन्सोलच्या चौकटीच्या सातपैकी चार क्लिपा गेल्या होत्या, आणि गाडी खडबडीत रस्त्यावर आली की आतून सतत कुरकुर ऐकू येत असे.

मालकाची मागणी स्पष्ट होती. “आत हाताला लागणारं सगळं धातूचं करा, आयुष्यभर पाहायला नको,” असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. घर लोखंडाच्या गावात असल्याने धातूवरचा त्यांचा विश्वास समजण्यासारखा होता. वर्कशॉपमधील मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी तडकलेली मूठ उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “शेठ, प्लास्टिक वाकतं म्हून इतके दिस टिकलं.” त्या वेळी हे वाक्य कोणी फारसे मनावर घेतले नाही.

समोर असलेले पर्याय

मूळ कंपनीचे नवे भाग मागवणे हा पहिला आणि सरळ पर्याय होता. मात्र काही भाग सुटे मिळत नव्हते, पूर्ण दरवाजाचे पॅनेल घ्यावे लागत होते. शिवाय नव्या भागांवरही तोच मऊ थर असणार होता, आणि तो थर गोदामात, खोक्यात बंद असतानाही जुना होतच राहतो. दुसरा पर्याय चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून खालच्या उघड्या प्लास्टिकवर दोन घटकांचा रंग मारण्याचा होता. हा सर्वांत स्वस्त पर्याय होता आणि निव्वळ चिकटपणासाठी तो पुरेसा होता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तुटलेले बुंधे आणि क्लिपा मात्र त्याने सुटत नव्हत्या. चामडे किंवा व्हिनाइल चढवणे हा तिसरा पर्याय होता. त्यात कडांची जाडी वाढते आणि बटणे अडकतात, म्हणून तो लवकरच बाजूला पडला.

चौथा पर्याय ॲल्युमिनियमचा होता आणि त्यातही दोन वाटा होत्या. एक म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा लेझरने कापून वाकवणे, दुसरी म्हणजे जाड प्लेटमधून व्हीएमसीवर पूर्ण आकार कोरून काढणे. पत्रा स्वस्त पडतो, परंतु या गाडीच्या आतील पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांना वळलेले होते आणि असा वळसा पत्रा सरळ रेषेत वाकवणाऱ्या ब्रेक प्रेसवर निघत नाही. त्यासाठी डाय म्हणजे साचा लागतो आणि दोन नगांसाठी डाय करणे व्यवहारात बसत नाही. म्हणून कोरून काढण्याची वाट निवडली.

मालकाने मध्येच एक पाचवी कल्पना मांडली होती, ती सांगण्यासारखी आहे. गिअर लिव्हरभोवतीची चौकट बिदरी कामाची करावी, असे त्यांच्या मनात होते. बिदरी म्हणजे जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवणे आणि नंतर पृष्ठभाग मातीच्या लेपाने काळा करणे; बीदरची ही कला संभाजीनगरातही अजून जिवंत आहे. पण जस्ताचा मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड असतो, पातळ चौकटीत तो ठिसूळ ठरतो, आणि सतत घामाचा हात लागला तर काळा रंग टिकत नाही. शेवटी कन्सोलच्या झाकणावर, जिथे हात क्वचित लागतो, तिथे बिदरीची एक लहान चकती बसवण्यावर समझोता झाला. माझ्या मते या गाडीत आज सर्वांत देखणी गोष्ट तीच आहे, आणि तिच्यासाठी आम्हाला एक तासही यंत्र लावावे लागले नाही.

पहिला निर्णय : कोणते भाग बदलायचे नाहीत

हाताला लागणारे सगळे धातूचे करण्याची मागणी आम्ही मान्य केली नाही, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त चर्चा याच मुद्द्यावर झाली. मालकाच्या यादीत अकरा भाग होते. त्यांपैकी दोन भागांवर मतभेद झाला : डॅशबोर्डवर उजवीकडून डावीकडे जाणारी लांब पट्टी, आणि दरवाजाच्या वरच्या कडेची पट्टी.

डॅशबोर्डच्या पट्टीचा डावा अर्धा भाग सहप्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणाला लागून जातो. एअरबॅग काही शतांश सेकंदांत फुगते आणि झाकण फाडून बाहेर येते. त्या वाटेवरचा प्रत्येक मूळ भाग कुठे फाटावा, कुठे वाकावा आणि कशाला धरून राहावा, हे ठरवून बनवलेला असतो. तिथे कोरलेल्या ॲल्युमिनियमची पट्टी बसवली आणि ती सुटली, तर ती समोरच्या माणसाकडेच जाणार. दरवाजाच्या वरच्या पट्टीबाबत मात्र आमचीच समज अपुरी होती. उघड्या छताच्या गाडीला वर खांब नसल्याने डोक्याचे रक्षण करणारी एअरबॅग छतातून खाली येऊ शकत नाही. या गाडीत ती दरवाजाच्या वरच्या कडेतून वर उघडते. हे आम्हाला दुरुस्तीची पुस्तिका वाचताना कळले, आणि तोपर्यंत त्या पट्टीचे मोजमाप घेऊन झाले होते. ते काम तिथेच थांबवले.

मालक नाराज झाले. अर्धी पट्टी धातूची आणि अर्धी प्लास्टिकची म्हणजे सदऱ्याला ठिगळ, असे त्यांचे म्हणणे होते आणि दिसण्याच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. तोडगा असा काढला की दोन्ही पट्ट्या मूळ प्लास्टिकच्याच ठेवायच्या, त्यांचा चिकट थर काढायचा आणि त्यांना ॲनोडायझिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने चढवलेल्या ऑक्साइडच्या थराच्या, रंगाशी जुळणारा मॅट करडा रंग द्यायचा. उरलेल्या नऊ भागांसाठी आम्ही एक मोजपट्टी ठरवली. गाडीच्या अंतर्भागातील जोडणीसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो नियम क्रमांक २१ आहे, त्यात डोके आदळू शकेल अशा क्षेत्रातील कठीण कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी अशी अपेक्षा आहे. आम्ही ती गोलाई क्षेत्राचा विचार न करता सर्व उघड्या कडांना लावली. परवान्याच्या बाजूने अडचण नव्हती. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांत फरक पडेल अशा बदलांविषयी आहे आणि आतल्या मुठी त्यात येत नाहीत. तरीही विमा कंपनीला बदलांची यादी लेखी कळवण्यास आम्ही मालकाला सांगितले.

मोजमाप आणि नमुना

मूळ भागांचे त्रिमितीय स्कॅनिंग करून त्यावर संगणकात नवे पृष्ठभाग रचले. स्कॅनमध्ये जुन्या प्लास्टिकचा वाकडेपणाही जसाच्या तसा उतरतो, हे लक्षात ठेवावे लागते. पंधरा वर्षे जुनी आणि उन्हात तापलेली पट्टी मूळ आकारात नसतेच. म्हणून क्लिपांच्या जागा स्कॅनवरून न घेता दरवाजाच्या पॅनेलमधील भोकांवरून व्हर्नियरने घेतल्या.

धातू कापण्याआधी प्रत्येक भागाचा थ्रीडी प्रिंट काढून गाडीत बसवून पाहिला. नमुने पीएलए प्लास्टिकचे होते, कारण ते झटपट आणि स्वस्त निघते. मार्चच्या शेवटी मालक ते नमुने बसवलेली गाडी दोन दिवसांसाठी जालन्याला घेऊन गेले आणि परत आले तेव्हा मुठीचा नमुना भिजलेल्या पापडासारखा लोंबत होता. पीएलए साधारण साठ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि उन्हात बंद उभ्या गाडीत थेट सूर्य लागणारा भाग याहून जास्त तापतो. गोष्ट हसण्यावारी गेली, पण तिने एक उपयोगी काम केले : आतल्या तापमानाचा विचार आम्ही प्रथमच आकड्यांत केला.

आकडे असे होते. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, तर एबीएससारखे प्लास्टिक साधारण तिप्पट ते चौपट. दरवाजाची खालची पट्टी ४८० मिलिमीटर लांब. डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश आणि एप्रिलच्या दुपारचे ७० अंश असा ६० अंशांचा फरक धरला, तर ॲल्युमिनियमची पट्टी ०.६६ मिलिमीटर वाढते आणि तिच्याखालचे प्लास्टिकचे पॅनेल सव्वादोन मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे दोघांत दीड मिलिमीटरांहून अधिक ओढाताण. मूळ पट्टी पॅनेलसोबतच वाढत-आकसत होती, म्हणून तिला हा प्रश्न कधी पडलाच नाही. मामांच्या त्या वाक्याचा अर्थ इथे उलगडला. धातूच्या पट्टीला दोन्ही टोकांना घट्ट स्क्रू मारले असते, तर एक तर पॅनेल फुगले असते किंवा उरलेले बुंधेही तडकले असते. त्यामुळे प्रत्येक लांब भागाला मध्यभागी एकच पक्का बिंदू ठेवला आणि टोकांची भोके लांबट करून दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर सरकण्याची मुभा दिली.

यंत्रकाम आणि ॲनोडायझिंग

साहित्य म्हणून ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची प्लेट निवडली. ती चांगली कापली जाते आणि ॲनोडायझिंगही तिच्यावर एकसारखे बसते. भागांची जाडी दीड मिलिमीटर ठेवली. ॲल्युमिनियम प्लास्टिकच्या अडीचपट जड असले तरी मूळ अडीच मिलिमीटरचे प्लास्टिक दीड मिलिमीटरवर आणल्याने वजन साधारण दीडपटच झाले. पातळ भिंत कापताना ती थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. त्यासाठी मामांनी आतली बाजू आधी पूर्ण केली, त्या पोकळीत नेमका बसणारा ॲल्युमिनियमचाच ठोकळा फिक्श्चर (कापताना भागाला धरणारा आधार) म्हणून बनवला आणि मग बाहेरची बाजू कापली. या ठोकळ्यांवर जेवढा वेळ गेला तेवढा प्रत्यक्ष भागांवर गेला नाही.

मुठीच्या बाबतीत एक बदल केला. मूठ पूर्ण धातूची न करता मूळ प्लास्टिकचा गाभा दुरुस्त करून ठेवला आणि त्यावर धातूचे कवच चढवले. बोटे ज्या आतल्या बाजूला लागतात तिथे चामडे लावले. दरवाजाच्या मुठी आणि माणसाच्या बरगड्या यांत फार अंतर नसते, हे एक कारण. दुसरे कारण उन्हाळा. ॲल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णतावाहक असल्याने एकाच तापमानाला प्लास्टिक गरम लागते तिथे धातू चटका देतो.

पॉलिशचा निर्णय रस्त्यावर झाला. मालकाला आरशासारखी चकाकी हवी होती. आम्ही चकाकते आणि मण्यांचा मारा करून मॅट केलेले असे दोन तुकडे कन्सोलवर चिकटवले आणि त्यांना संध्याकाळी पाच वाजता जालन्याहून संभाजीनगरकडे गाडी चालवायला सांगितले. साठेक किलोमीटरचा हा रस्ता पश्चिमेकडे येतो आणि मावळतीचा सूर्य समोर असतो. बदनापूरच्या पुढून त्यांचा फोन आला : मॅटच करा.

ॲनोडायझिंगमध्ये मात्र पैसा आणि पंधरवडा वाया गेला. एक चौकट कापताना टूल तुटून भाग खराब झाला होता आणि तो पुन्हा कापताना प्लेट संपली म्हणून वर्कशॉपच्या रॅकवरील एक शिल्लक तुकडा वापरला गेला. त्यावर कोणतीही खूण नव्हती. कापताना फरक जाणवला नाही, पण १५ मायक्रॉनचा थर चढून भाग परत आले तेव्हा आठ भाग स्वच्छ करडे आणि ती एक चौकट पिवळसर, मळकट दिसत होती. मिश्रधातू बदलला की थराची छटा बदलते. तो थर रसायनाने उतरवून पुन्हा चढवला तरी धातू तोच राहतो, शिवाय प्रत्येक वेळी थोडा धातू झिजून बारीक आट्यांची पकड सैल होते. चौकट नव्या प्लेटमधून तिसऱ्यांदा कापावी लागली. वेगळ्या बॅचमध्ये ॲनोडायझिंग झाल्याने तिची छटा आजही किंचित वेगळी आहे. मालकाला ती दिसत नाही, मला दिसते.

बसवणी

बसवणीच्या दिवशी बॅटरी काढून, पुरेसे थांबूनच दरवाजाचे पॅनेल उघडले. तरीही दुपारी एका मदतनिसाने काच खाली घेण्यासाठी बॅटरी जोडून चावी फिरवली. दरवाजातील एअरबॅगचा जोड तेव्हा सुटा होता. एअरबॅगचा दिवा लागला तो लागलाच, आणि तो स्कॅनरने पुसेपर्यंत गाडी दोन दिवस तिथेच राहिली. मूळ स्टीलच्या क्लिपा थेट ॲल्युमिनियमला लागू नयेत म्हणून मध्ये नायलॉनचे वायसर दिले आणि जिथे धातू प्लास्टिकवर टेकतो तिथे वायरिंगला गुंडाळतात ती कापडी पट्टी चिकटवली. काचांच्या बटणांच्या चौकटीत आतून इन्सुलेशनचा कागद लावला, कारण ॲनोडायझिंगचा थर वीज अडवत असला तरी एका ओरखड्याने खालचा धातू उघडा पडतो.

परिणाम

डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले काम जुलै २०२४ मध्ये संपले. अंदाज तीन महिन्यांचा होता. खर्च मूळ अंदाजाच्या पावणेदोनपट झाला आणि त्यातील मोठा हिस्सा फिक्श्चरचा व तिसऱ्यांदा कापलेल्या चौकटीचा होता. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर टायरांचा जो एकसुरी आवाज येतो त्यात सैल भाग लगेच बोलू लागतात, म्हणून चाचणीसाठी तोच रस्ता घेतला. एका ठिकाणी, सहप्रवाशाच्या बाजूच्या खालच्या पट्टीत, किणकिण आली. टोकाच्या लांबट भोकात वायसर बसवायचा राहिला होता.

पुढचा उन्हाळा ही खरी परीक्षा होती. मे २०२५ मध्ये एकही पट्टी फुगली नाही आणि क्लिप तुटली नाही. एक तक्रार आली ती हँडब्रेकच्या बटणाची. ते आम्ही पूर्ण धातूचे केले होते आणि दुपारी त्याला बोट लावता येत नव्हते. ते काढून मूळ प्लास्टिकचे बटण पुन्हा बसवले. अकरापैकी आठ भाग आज धातूचे आहेत.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिली भेट मी वेगळ्या रीतीने घेईन. आम्ही भागांची यादी घेऊन बसलो; त्याऐवजी प्रत्येक भाग आज कोणते काम करतो, तो वाकतो का, फाटतो का, वीज अडवतो का, उष्णता हातापर्यंत येऊ देत नाही का, हे आधी लिहून काढले असते तर दरवाजाच्या वरच्या पट्टीचे मोजमाप घेतलेच नसते आणि हँडब्रेकचे बटणही यादीतून तेव्हाच गळाले असते. दुरुस्तीची पुस्तिका कामाच्या तिसऱ्या आठवड्यात नव्हे, पहिल्या दिवशी उघडायला हवी होती.

प्लेट घेताना दीडपट घ्यायला हवी होती, आणि तीही एकाच हीटमधील (एकाच वेळी वितळवलेल्या धातूची), प्रमाणपत्रासह. रॅकवरच्या बिनखुणेच्या तुकड्याला या कामात हात लावू नये, हे मी वर्कशॉपला तोंडी सांगितले होते, लेखी दिले नव्हते.

चिकटपणा एवढीच अडचण असलेल्या तीन भागांबाबत मला अजून शंका आहे. त्यांना अल्कोहोल आणि रंग पुरला असता आणि रंग दिलेल्या दोन पट्ट्या आज दोन उन्हाळ्यांनंतरही ठीक आहेत. हे मी मालकाला अलीकडे सांगितले, तेव्हा त्यांनी कन्सोलच्या चौकटीवर नखाने टिचकी मारून दाखवली आणि म्हणाले की हा आवाज रंगातून आला नसता.